दारू किती आणि गोळी केवढी?

शीर्षक वाचून कोणी शुक्रवारच्या संध्याकाळी मोठ्या आशेने इथवर आलं असेल तर सॉरी, मंडळी. ही दारू वेगळी आहे. सोरा, कोळसा आणि गंधक यांची. काळी. ग्लासात नाही, नळीत भरायची.

विषय निघायला कारण झालं इथल्याच एका मराठी कार्यक्रमातलं भाषण. वक्ते ओघवते होते, आवाज खणखणीत होता. जंजिऱ्याच्या कलाल बांगडीवर आले आणि म्हणाले, "या तोफेचा पल्ला बारा किलोमीटर होता!" टाळ्या पडल्या. सभागृहात निम्मे लोक इंजिनिअर होते. तेल कंपन्यांत पंप बसवणारे, विमानांची इंजिनं तपासणारे, इमारतींच्या वाऱ्याच्या भाराचा हिशोब करून पोट भरणारे. या लोकांना कामावर कोणी "हा पंप बारा किलोमीटर पाणी फेकतो" असं सांगितलं असतं तर त्यांनी पहिला प्रश्न विचारला असता की दाब किती आणि पाइप केवढा. पण तोफेच्या बाबतीत एकानेही विचारलं नाही की दारू किती आणि गोळा केवढा.

माझं भांडण त्या वक्त्यांशी नाही. जंजिऱ्याच्या होडीत बसलात की हाच आकडा तुम्हालाही ऐकू येतो, कधी दहा, कधी बारा. माझं भांडण आपल्या एका सवयीशी आहे. ठासणीच्या शस्त्रांबद्दल आपण एकच प्रश्न विचारतो: पल्ला किती? आणि हा प्रश्न चुकीचा आहे. नुसता अपुरा असता तर चाललं असतं. तो चुकीचा आहे, कारण त्यामुळे त्या शस्त्रामागची खरी अक्कल, म्हणजे दारू आणि गोळी यांची जुळणी, पूर्णपणे झाकली जाते.

आधी बारा किलोमीटरचं काय ते बघू.

बारावीच्या पुस्तकातलं प्रक्षेपकाचं सूत्र आठवा. ४५ अंशांत उडवलेली वस्तू वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरण इतकी लांब जाते. बारा किलोमीटरसाठी उत्तर येतं सेकंदाला साधारण ३४३ मीटर. तोफेच्या तोंडाशी गोळ्याचा वेग यापेक्षा जास्त, साडेचारशेच्या आसपास असू शकतो. म्हणजे सूत्राप्रमाणे बाराच काय, वीस किलोमीटरसुद्धा निघतात. टाळ्या!

फक्त एक गडबड आहे. पुस्तकातल्या त्या सूत्रात हवा नाही. आणि आपल्या कोकणात ती भरपूर आहे.

हवेचं हे प्रकरण पहिल्यांदा नीट मोजलं बेंजामिन रॉबिन्स या इंग्रज गणितज्ञाने. १७४२ साली त्याचं तोफांच्या शास्त्रावरचं पुस्तक आलं. त्याचं साधन अगदी साधं होतं. एक जड लोलक टांगायचा, त्यावर गोळी मारायची आणि लोलक किती मागे गेला ते बघायचं. त्यावरून गोळीचा वेग. मग लोलक आणखी लांब ठेवायचा आणि पुन्हा मोजायचं. मधल्या अंतरात हवेने किती वेग खाल्ला ते कळतं. उत्तर त्या काळच्या विद्वानांना धक्का देणारं होतं. ज्या २४ पौंडी गोळ्याने हिशोबाप्रमाणे सोळा मैल जायला हवं, तो प्रत्यक्षात तीन मैलांच्या आतच पडतो. म्हणजे जास्तीत जास्त पावणेपाच किलोमीटर, आणि तेही ४५ अंशांत तोंड वर करून. किल्ल्यावरच्या किंवा जहाजावरच्या तोफगाड्याला इतकं तोंड वर करता येत नसे. रोजच्या वापरात तेव्हाच्या अव्वल तोफाही अडीच-तीन किलोमीटरांपलीकडे कामाच्या नव्हत्या, आणि नेम धरून मारायचं अंतर त्याहूनही पुष्कळ कमी होतं.

(हा रॉबिन्स पुढे ईस्ट इंडिया कंपनीचा मुख्य इंजिनिअर होऊन मद्रासकडे आला आणि १७५१ साली तिथेच, फोर्ट सेंट डेव्हिडला वारला. परदेशी नोकरीला गेलेला इंजिनिअर. असो.)

हवा सोडा, आणखी सोपा हिशोब करा. तोफेचं तोंड एक अंश जरी इकडेतिकडे झालं तरी बारा किलोमीटरवर गोळा दोनशे मीटर बाजूला पडतो. दोनशे मीटरमध्ये एक अख्खं गलबत जाऊन वर दुसरं मावेल. आणि ज्यांना हिशोबच नको असेल त्यांनी नुसतं जंजिऱ्याच्या तटावर उभं राहून समुद्रात बघावं. समोर पद्मदुर्ग दिसतो, उघड्या डोळ्यांनी. शिवाजी महाराजांनी तो सिद्दीच्या नाकासमोर बांधून घेतला. कलाल बांगडी बारा किलोमीटरवर नेमका मारा करत असती तर पद्मदुर्गाचा एक चिरा दुसऱ्यावर चढला नसता. बारा किलोमीटरच्या गप्पा मारताना आपण सिद्दीच्या तोफेचं कौतुक तर करतोच, पण त्या तोफेच्या टप्प्याचा अंदाज घेऊन किल्ला उभा करणाऱ्यांची अक्कलही पुसून टाकतो. हे लक्षात येतंय का?

याच गोष्टीचा पुरावा इथे अमिरातीतही आहे. रास अल खैमाच्या उत्तरेला धाया नावाचा किल्ला आहे. सुमारे सत्तर मीटर उंच टेकडीवर, खाली खजुराच्या बागा. आपले बरेच लोक शनिवार-रविवारी तिथे जाऊन फोटो काढून येतात. १८१९ च्या डिसेंबरात इंग्रजांनी हा किल्ला घेतला. सर विल्यम ग्रँट कीर याच्या हाताखालची ती फौज मुंबईहून आली होती, आणि तिच्यात मुंबई इलाख्याच्या पलटणींचे देशी शिपाई होते. आपल्या मुलखातलीही माणसं त्यात असणार. तर किल्ल्यावर १२ पौंडी तोफांचा मारा करून झाला, काही परिणाम होईना. मग 'लिव्हरपूल' या युद्धनौकेवरून दोन २४ पौंडी तोफा उतरवल्या, खाडीतून वर आणल्या आणि चिखलातून ओढत किल्ल्यासमोर नेल्या. त्यांचा मारा सुरू झाल्यावर दोनेक तासांत, २२ डिसेंबरला, किल्ल्याने शरणागती पत्करली.

आता विचार करा. अडीच टनांच्या आसपासची ती तोफ. ती चिखलातून ओढायची हौस कोणाला असते? पल्ला दहा-बारा किलोमीटर असता तर जहाजावरूनच मारलं असतं की! ओढत नेली, कारण जवळून मारल्याशिवाय भिंत फुटत नाही हे त्यांना पक्कं माहीत होतं. आणि माहीत होतं, कारण मोजलेलं होतं. २४ पौंडी गोळ्याला ८ पौंड दारू, म्हणजे गोळ्याच्या वजनाचा तिसरा हिस्सा. नळीचा आतला व्यास ५.८२ इंच, गोळ्याचा ५.५५ इंच. मधली पाव इंचाची फट मुद्दाम ठेवलेली, गंजलेला गोळाही आत जावा म्हणून. त्या फटीतून किती वायू फुकट जातो हेही मोजलेलं. सगळं कोष्टकात लिहिलेलं. गोलंदाज बदलला तरी कोष्टक तेच.

हीच ती जुळणी. यात पल्ला हा शेवटी येणारा एक आकडा आहे. पहिला आकडा नाही.

हे मी इतकं ठासून का सांगतोय (विषयच ठासणीचा!) त्याला कारण आहे. पीएचडी करताना काही वर्षं मी पेनसिल्व्हेनियात होतो. तिथे नाताळानंतर हरणांच्या शिकारीचा एक हंगाम असतो, फक्त गारगोटीच्या चापाच्या बंदुकांसाठी. तोंडातून दारू भरायची, चिंधीत गुंडाळलेली शिशाची गोळी गजाने ठासायची आणि एकच बार. चुकला तर हरीण गेलं. मला शिकारीत रस नव्हता, पण माझा विषय ज्वलनाचा असल्याने एका रेंजवर बघायला जायचो. तिथले लोक कोण? सुतार, ट्रक चालवणारे, एक निवृत्त टपालवाला. आणि त्या प्रत्येकाकडे एक वही होती.

वहीत काय? आधी नळीचा व्यास. पन्नास कॅलिबरची नळी, म्हणजे अर्ध्या इंचाची. मग गोळी ०.४९० इंचाची, वजन साधारण १७७ ग्रेन. चिंधी कसल्या कापडाची, जाडी किती (हजारांश इंचात!), तिला तेल कसलं लावलं. दारूचा दाणा जाड की बारीक. आणि मग एकच गोष्ट बदलत नेलेली: दारूचं माप. बंदूक टेकवून पाच बार काढायचे, पाच भोकं किती जवळ पडली ते मोजायचं, लिहायचं. माप पाच ग्रेनने वाढवायचं. पुन्हा पाच बार. दोन बारांच्या मध्ये ओल्या चिंधीने नळी पुसायची, प्रत्येक वेळी सारखीच. बाकी काहीही हलवायचं नाही.

यातून जे दिसतं ते आपल्या "जास्त दारू, जास्त जोर" या समजुतीच्या बरोबर उलट आहे. माप वाढवत गेलं की भोकं आधी जवळ येतात, एका मापाला सगळ्यात दाट पडतात आणि पुढे पांगायला लागतात. मी बघितलेल्या एका बंदुकीत सत्तरच्या आसपास ती एका कपात झाकतील अशी पडायची, नव्वदला बशीतही मावायची नाहीत. दुसऱ्या बंदुकीचं माप वेगळं. प्रत्येक नळीचं आपलं एक माप असतं. ते शोधावं लागतं, सांगून कळत नाही.

असं का होतं? तीन कारणं, आणि तिन्ही सोपी आहेत.

एक. काळी दारू जळल्यावर तिच्या वजनाचा निम्म्याहून थोडा कमी भागच वायू होतो. उरलेला निम्म्याहून जास्त भाग घन राहतो: काही धूर म्हणून बाहेर जातो, काही कीट होऊन नळीला चिकटतो. जास्त दारू म्हणजे जास्त कीट, म्हणजे पुढच्या गोळीला वेगळीच नळी. शिवाय एका मर्यादेनंतर वरची दारू गोळी बाहेर पडल्यावर तोंडाशी जळते. ज्वाला झकास दिसते, उपयोग शून्य.

दोन. गोल गोळी हवेत फार वाईट चालते. आवाजाच्या वेगाजवळ आणि त्यापुढे हवेचा विरोध एकदम वाढतो, हेही रॉबिन्सनेच दाखवलं. त्यामुळे जास्त दारू घालून मिळवलेला वेग पहिल्या काही दहा यार्डांतच हवा परत घेते. तुमच्या वाट्याला उरतो खांद्याला बसलेला दणका.

तीन. गोळीला पीळ मिळतो तो नळीतल्या आट्यांतून, आणि आट्यांना गोळी धरते ती चिंधी. धक्का फार झाला की चिंधी फाटते, जळते, गोळी आट्यांवरून घसरते. मग ती कुठे जाईल ते तिलाच माहीत.

थोडक्यात, नेम हा बंदुकीचा गुण नाही. नळी, गोळी, चिंधी, तेल, दारू आणि भरणारा हात या सहांच्या जुळणीचा तो गुण आहे.

"हे सगळं गोऱ्यांच्या छंदाचं कौतुक झालं, आपला काय संबंध?" हा प्रश्न येणार हे गृहीत धरूनच पुढचं लिहितो. आपला संबंध १८५७ इतका जवळचा आहे.

काडतुसांच्या चरबीची गोष्ट मराठी शाळेतल्या प्रत्येक मुलाला माहीत असते. पण चरबी तिथे होती कशाला, हे किती जणांना माहीत आहे? एनफिल्ड १८५३ ही आट्यांची नळी असलेली, पण तोंडातून भरायची बंदूक. नळी ०.५७७ इंच. गोळी ०.५६८ इंच, ५३० ग्रेन म्हणजे साधारण ३४ ग्रॅम वजनाची, लांबट, बुडाला पोकळ. दारू सुमारे ७० ग्रेन, साडेचार ग्रॅम. गोळी नळीपेक्षा बारीक असल्याने पटकन आत जायची, आणि बार झाला की पोकळ बूड फुगून आट्यांत बसायचं. भरणं सोपं आणि नेमही चांगला, हे दोन्ही एकदम साधणारी ही युक्ती होती. पण गोळी आणि नळी यांच्यातल्या त्या नऊ हजारांश इंचाच्या फटीत गोळीभोवतीचा कागद बसायचा, आणि आधीच्या बारांचं कीट. ते कीट मऊ ठेवायला वंगण हवं. वंगण नसेल तर थोड्याच बारांत गोळी आत जाईना. म्हणून कागदाचं टोक चरबी आणि मेणाच्या मिश्रणात बुडवलेलं, आणि दारूच्या बाजूचं दुसरं टोक दातांनी तोडायचं, असा कवायतीचा नियम.

शिपायांचा संताप खोटा नव्हता, आणि चरबी कसली याची त्यांना आलेली शंका फुकाची म्हणता येणार नाही. जानेवारी १८५७ मध्ये कुरबुर सुरू झाल्यावर सरकारने मेण आणि तेल वापरून स्वतःचं वंगण करायला परवानगी दिली, पुढे दातांऐवजी हाताने फाडायलाही सांगितलं. म्हणजे पर्याय होताच! मेणाने काम भागत होतं. ज्यांनी गोळीचा व्यास इंचाच्या हजाराव्या भागापर्यंत ठरवला, त्यांनी ती गोळी भरणाऱ्या माणसाच्या तोंडाचा हिशोब केला नाही. मघाशी सहा गोष्टींत मी "भरणारा हात" धरला, तो उगाच नाही. जुळणीत माणूसही येतो.

आणि गंमत म्हणजे ती जुळणी तांत्रिकदृष्ट्याही हिंदुस्थानसाठी बरोबर नव्हती. इथल्या उन्हात गोळी आत जायला अडायची. तेव्हा गोळीच बारीक केली, ०.५६८ वरून ०.५५ इंच. याचा अर्थ हवामान बदललं की माप बदलतं. विलायतेत शोधलेलं माप हिंदुस्थानात जसंच्या तसं लागू नाही. याहून आपल्या जवळचं उदाहरण कुठलं हवं?

त्याच १८५७ साली हाइथ इथल्या नेमबाजीच्या शाळेत आणखी एक परीक्षा झाली. जोसेफ व्हिटवर्थची बंदूक विरुद्ध एनफिल्ड. दारू दोन्हीकडे जवळपास तीच, ७० ग्रेन. गोळीचं वजन तेच, ५३० ग्रेन. फरक काय? व्हिटवर्थची नळी बारीक, ०.४५१ इंच, षटकोनी, आणि तिचा पीळ घट्ट: २० इंचांत एक फेरा. एनफिल्डचा ७८ इंचांत एक. ५०० यार्डांवर एनफिल्डच्या गोळ्या मध्यापासून सरासरी २.२४ फूट पांगल्या, व्हिटवर्थच्या ०.३७ फूट. सहापट फरक! दारूचा एक कणही न वाढवता. "जास्त दारू घाला" म्हणणाऱ्यांसाठी हे एक वाक्य फ्रेम करून लावावं असं आहे.

आता मुख्य आक्षेपाकडे. "आपल्या पूर्वजांनी असली मापं लिहून ठेवलीच नाहीत, मग अभिमानाने दोन शब्द बोललो तर बिघडलं कुठे?"

बिघडतं. पहिली गोष्ट, आपले पूर्वज बेहिशेबी नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांचं आज्ञापत्र उघडा. दारूखाना घराजवळ नसावा, दारू वेळोवेळी बाहेर काढून तिला ऊन द्यावं, असं त्यात बजावलेलं आहे. ही हवालदारकीची कटकट नाही, हे रसायनशास्त्र आहे. दारू ओल धरते, ओली दारू सावकाश जळते, आणि मग काल शंभर पावलांवर लागलेला गोळा आज ऐंशीवरच पडतो. प्रत्येक बार सारखा यायला हवा याची ज्याला काळजी आहे तोच माणूस हे लिहितो.

दुसरी गोष्ट, असई. २३ सप्टेंबर १८०३. वेलस्लीची फौज जिंकली, पण शिंद्यांच्या तोफखान्याने त्याची दीड हजारांवर माणसं मारली किंवा जखमी केली. त्या दिवशी तिथे कोणी बारा किलोमीटरवर मारत नव्हतं. जवळून, भराभर आणि प्रत्येक बार सारखा, असा तो मारा होता. सराव, ठरलेली दारू, ठरलेला गोळा. आपल्या तोफखान्याचा खरा अभिमान बाळगायचा तर तो या शिस्तीचा बाळगा. खोटा पल्ला सांगून आपण त्या गोलंदाजांचा मान वाढवत नाही. त्यांना जादूगार करतो, कारागीर म्हणून मोडीत काढतो.

आणि तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची, कारण ती आजची आहे. ठासणीची बंदूक ही आपल्याकडे फक्त इतिहासजमा वस्तू नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या १३ व्या कलमात पीक संरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा नाव घेऊन उल्लेख आहे. कोकणात आजही शेतकऱ्यांकडे अशा परवान्याच्या बंदुका आहेत. रानडुकरं भात लोळवतात, माकडं नारळ-काजूचा फडशा पाडतात, म्हणून. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात आणि नंतर परत मिळतात. म्हणजे कागदाची शिस्त आहे. मापाची आहे का? मी गावाकडे ऐकलेली मापं अशी: "मूठभर", "दोन बोटं", "डुक्कर असेल तर थोडी जास्त". यातलं शेवटचं माप माणसं मारतं.

कारण ठासणीच्या बंदुकीत चूक झाली की ती नेमापुरती राहत नाही. आधीचा बार भरलेला आहे हे विसरून वर दुसरा भरला, तर नळी फुटते. गोळी दारूवर नीट न टेकता मध्येच अडकली आणि खाली पोकळी राहिली, तरी नळी फुटू शकते. आधुनिक काडतुसातली बिनधुराची दारू काढून यात घातली, तर ती फुटणारच असं धरून चालावं, कारण ही नळी त्या दाबासाठी बनलेलीच नसते. यावर उपाय महाग नाहीत. एक पितळी माप, कायम तेच. गजावर एक खूण, रिकामी नळी असताना गज कुठवर जातो त्याची, आणि दुसरी खूण भरलेल्या नळीची. बंदूक हातात घेतली की आधी गज घालून खूण बघायची. पेनसिल्व्हेनियातल्या प्रत्येक गजावर या दोन खुणा मी बघितल्या आहेत. हे सांगायला शास्त्रज्ञ लागत नाही. परवान्याबरोबर मराठीत छापलेला एक कागद पुरेल.

आपण मात्र तो कागद छापण्याऐवजी पल्ल्याचे मेसेज फॉरवर्ड करतो. जो समाज तोफेबद्दल "किती लांब?" एवढंच विचारतो, तो बंदुकीबद्दलही तेच विचारतो, आणि "किती दारू?" याचं उत्तर मुठीवर सोडतो. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत. एकच सवय आहे ती.

इथल्या किल्ल्यांमधल्या संग्रहालयांत जुन्या तोड्याच्या बंदुका दिसतात. अरबीत त्यांना अबू फतीला म्हणतात, वातीचा बाप. हा फतीला म्हणजेच आपला पलिता. शब्द समुद्र ओलांडून आला आणि आपण तो मशालीसाठी ठेवून घेतला. दारू, गोळी, वात हे सगळं या पाण्यावरून शेकडो वर्षं ये-जा करत होतं. त्यातलं मोजमाप तेवढं आपण किनाऱ्यावर उतरवून घेतलेलं दिसत नाही, निदान आपल्या भाषणांत तरी नाही.

तेव्हा एक साधी विनंती. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा कुठल्या ना कुठल्या किल्ल्यावर जालच. खिशात मोजपट्टी ठेवा. तोफेच्या तोंडाचा आतला व्यास मोजा. समजा १४ सेंटीमीटरचा गोळा त्यात बसेल असं दिसलं, तर ओतीव लोखंडाचा तो गोळा साधारण १० किलोचा. तिसरा हिस्सा धरला तर दारू सव्वातीन किलो. नळीची लांबी मोजा, भिंतीची जाडी मोजा. वहीत लिहा, फोटोबरोबर टाका. नुसत्या एका मोजपट्टीने निघालेली अशी पन्नास किल्ल्यांची मापं एकत्र आली, तर मराठी तोफखान्याबद्दल आपल्याला आजवरच्या सगळ्या टाळ्यांपेक्षा जास्त कळेल.

आणि कोणी "पल्ला किती?" विचारलं तर उलट विचारा: दारू किती आणि गोळी केवढी?

ता.क. – "हे वाचून कोणी बंदूक भरायला बसला तर?" अशी काळजी एका मित्राने मसुदा वाचून व्यक्त केली. वर दिलेली मापं त्या त्या बंदुकांची आहेत, तुमच्या आजोबांच्या माळ्यावरच्या बंदुकीची नाहीत. तिची नळी किती गंजली आहे हे मला माहीत नाही आणि तुम्हालाही माहीत नाही. ती माळ्यावर राहू देऊ नका, परवान्याची असेल तर जाणत्या कारागिराकडून तपासून घ्या, नसेल तर रीतसर जमा करा.